सी. एम. टिपणीस यांची पहिली भेट

त्या गुरुवारी चारुता टिपणीसला एका माणसाला अर्धा तास भेटायचं होतं. अकरा ते साडेअकरा. यापलीकडे तिच्या मनात काहीही नव्हतं, आणि पुढचं सगळं वाचताना कृपा करून हे विसरू नये. तिने घरात लग्न काढलं नव्हतं, पंगत घातली नव्हती, निवडणुकीला तर ती मुळीच उभी राहिली नव्हती. तळोज्याहून एक माणूस येणार, दुकान बघणार, चार प्रश्न विचारणार आणि जाणार. पण पनवेलच्या टपाल नाक्याजवळच्या त्या गल्लीत एकट्या बाईची कुठलीही गोष्ट अर्ध्या तासात आटपत नाही. ती आधी सगळ्यांची होते, मग वाढत जाते, आणि शेवटी जिची ती असते तिलाच दारात उभं राहून विचारावं लागतं, मी आत येऊ का?

दुकान खाली, घर वर. पाटीवर 'टिपणीस आणि कंपनी, वजनकाटे दुरुस्ती व तपासणी'. यातली कंपनी म्हणजे काशीराम. काशीराम उरणकडच्या करंजा गावचा, कोळ्याचा मुलगा. बापाचा मासळी तोलायचा तराजू दुरुस्तीला घेऊन विसाव्या वर्षी दुकानात आला, तराजू घरी पोचवून दुसऱ्या दिवशी परत आला, तो आता साठीला टेकला तरी तिथेच होता. आणि टिपणीस म्हणजे चारुताचे बाबा. ते आषाढात गेले. त्याला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत भेटलेल्या प्रत्येक माणसाने चारुताला एक वाक्य न चुकता ऐकवलं होतं, की टिपणीसांचा हात आता पुन्हा व्हायचा नाही. किराणावाले म्हणाले, भाजीवाले म्हणाले, सराफ तर डोळे मिटून म्हणाले. चारुता मान हलवायची.

खरी गोष्ट अशी होती, की शेवटची सहा वर्षं बाबांना काट्यावरचे आकडे दिसतच नव्हते. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. काटे उघडणं, जोडणं, तपासणं, ट्रक तोलायचे मोठे काटे असतात त्यांच्या खालच्या खड्ड्यात उतरणं, हे सगळं चारुता करायची. बाबा खुर्चीवर बसून गिऱ्हाइकाला सांगायचे, "झालंय, देतो." हे तिला ठाऊक होतं आणि काशीरामला. तिसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही असं कधी ठरलं नव्हतं, पण कळलं नव्हतं खरं. आणि माणूस फोटो होऊन भिंतीवर जाऊन बसल्यावर तर ते बोलायची सोयच उरली नाही.

तर तो हात गेला म्हणून दोन मोठी गिऱ्हाइकं वाशीच्या एका माणसाकडे गेली. म्हणजे जो हात काम करत होता तो जागच्या जागी होता, आणि जो करत नव्हता तो गेला म्हणून काम गेलं. चारुताला राग आला की ती वजनं पुसत बसायची. त्या दिवसांत दुकानातली पितळी वजनं देवघरातल्या समईपेक्षा झळकत होती.

गाळा आजोबांच्या नावचा, त्यामुळे अर्धा चुलत भावाचा, शैलेशचा. शैलेश खारघरला राहायचा आणि एका विमा कंपनीत नव्याने भरती झालेल्यांना आत्मविश्वास शिकवायचा. आत्मविश्वास ही वस्तू त्याच्याकडे इतकी होती की वाटून संपत नसे. त्याने अगदी मायेने सांगितलं होतं, की डिसेंबरअखेर एखाद्या कारखान्याचं भक्कम काम मिळालं तर दुकान चालव, नाहीतर मोबाइलवाला गाळा मागतोय, त्याला हो म्हणू. त्याने दमदाटी केली असती तर भांडता तरी आलं असतं. मायेने बोलणाऱ्याशी भांडायची पद्धत आपल्याकडे नाही.

म्हणून तळोज्याच्या एका रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या देवेश सामंत नावाच्या खरेदी अधिकाऱ्याची मेल आली, तेव्हा चारुताने ती तीनदा वाचली. वीस-बावीस काटे आणि एक ट्रकचा काटा, वर्षभराची देखभाल. डिसेंबरच्या आत आलेली ती एकच मेल होती.

तिने शैलेशला सांगितलं, ही पहिली चूक. शैलेश त्याच संध्याकाळी आला. समोरचा माणूस पहिल्या सात सेकंदांत आपल्याबद्दल मत बनवतो, असं तो म्हणाला. बाबांना चारुताच्या झाळकामाबद्दल मत बनवायला पाच वर्षं लागली होती, आणि ते मत काय होतं ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, तेव्हा सात सेकंद हा तिला जरा घाईचा मामला वाटला. पण शैलेशचे नियम तयार होते. मेलखाली चारुता असं लिहायचं नाही, सी. एम. टिपणीस लिहायचं, वजन पडतं. मोबाइल नंबर द्यायचा नाही. आपण सारखे उपलब्ध दिसता कामा नये. पुढचा महिनाभर सामंत आणि सी. एम. टिपणीस यांचा इंग्रजीतून पत्रव्यवहार चालला. सी. एम. टिपणीस फार मोकळेपणाने लिहायचे. चारुताला तोंडावर जे बोलता येत नसे ते या गृहस्थांना सहज जमायचं, आणि तिला त्यांचा थोडा हेवाही वाटू लागला होता.

भिंतीपलीकडे वसुंधराकाकू राहायच्या. बाबा गेल्यापासून वर्षाच्या आत काय करायचं आणि काय नाही, याची संपूर्ण जबाबदारी त्यांनी कुणीही न सांगता घेतली होती. आता गंमत अशी, की शैलेशचे नियम आणि काकूंचे नियम समोरासमोर आले. शैलेश म्हणाला, दारात छान रांगोळी हवी. काकू म्हणाल्या, वर्ष व्हायच्या आत दारात रांगोळी नाही. शैलेश म्हणाला, पेढे ठेवू. काकू म्हणाल्या, आपण होऊन कुणाचं तोंड गोड करायचं नाही. शैलेश म्हणाला, कपडे नवे हवेत. काकूंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. चारुता मध्ये बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: चारुताने त्या दिवशी जरा हसतमुख असावं आणि शक्यतो कमी बोलावं.

मग फोटोचा विषय निघाला. बाबांचा फोटो चंदनाच्या हारासकट दारासमोरच्या भिंतीवर होता. गिऱ्हाइकाला पहिल्या सात सेकंदांत मृत्यू दिसू नये, हे शैलेशचं म्हणणं. फोटो हलवाल तर माणूस दुखावतो, हे काकूंचं. अखेर फोटो बाजूच्या भिंतीवर घ्यायचा असा तोडगा निघाला, आणि चारुताने तो मान्य केला, ही दुसरी चूक. फोटो काढल्यावर खाली पिस्त्याच्या रंगाचा एक स्वच्छ चौकोन निघाला. बाकी भिंत कसल्या रंगाची झाली होती हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिवा पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, एवढाच तुकडा मारला तर डोळ्यात येईल, भिंत मारावी लागेल. भिंत बघून म्हणाला, मग बाकीच्या तीन वाईट दिसतील. चार भिंती मारायच्या तर काटे बाहेर काढावे लागतील. मंगळवारी सकाळी चाळीस वर्षांचं दुकान ताडपत्रीखाली गल्लीत आलं.

दुपारपर्यंत टपाल नाका ते उरण नाका बातमी पोचली, की टिपणीसांनी दुकान मोडलं. येणारे-जाणारे मोठ्या काट्यावर उभे राहून आपापलं वजन करून घेऊ लागले आणि काटा खोटा दाखवतो म्हणू लागले. दोन भंगारवाले भाव विचारून गेले. एक म्हातारे किराणावाले आपला दुरुस्तीला टाकलेला काटा घेऊन जायला आले. बंद करताय ते बरंच केलंत, म्हणाले, बापाचं नाव तरी राहील. चारुताने त्यांचा काटा त्यांच्यासमोर तपासून दिला. बरोबर अर्ध्या ग्रॅमपर्यंत. ते आकडा बघून म्हणाले, "बघ, गेले तरी त्यांचा हात बोलतोय."

त्या दिवशी तिने वीस किलोचं लोखंडी वजनही पुसलं, जे पुसून काही होत नाही.

त्यातच परवान्याचं राहिलं होतं. काटे दुरुस्त करायला सरकारी परवाना लागतो आणि तो बाबांच्या नावे होता. सामंतांनी चालू परवाना बघायला मागितला होता. वारस म्हणून नाव लावायचा अर्ज सप्टेंबरपासून एका कार्यालयात पडून होता, तो कुठवर आला हे बघायला ती बुधवारी गेली. टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल काढली, आणि सगळी कागदपत्रं ठीक आहेत असं कौतुकाने सांगितलं. फक्त मूळ परवानाधारकाची परवाना परत केल्याची सही राहिली होती. त्यांना एकदा घेऊन या, म्हणाले. चारुताने सांगितलं की ते वारले, म्हणून तर अर्ज केलाय, आणि दाखला वरच लावलाय. त्यांनी दाखला पाहिला. दुःखही व्यक्त केलं. पण सहीचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणाले. मग बराच वेळ त्या रकान्याकडे आणि दाखल्याकडे आळीपाळीने बघून झाल्यावर त्यांना तोड सुचली. त्यांनी सहीच्या जागी सुवाच्य अक्षरात 'अनुपस्थित' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

परवाना मिळाला. बाहेर पायरीवर चारुता तो कागद घेऊन उभी राहिली. बाबा अनुपस्थित. जसे काही शाळेला दांडी मारून कुठे चिंचा पाडायला गेलेत. तिला परत आत जाऊन त्या गृहस्थांना चार शब्द ऐकवायचे होते, पण त्यांनी काम केलं होतं, आणि काम करणाऱ्या सरकारी माणसाला बोलणं म्हणजे सगळ्या जिल्ह्याचं नुकसान.

राहता राहिली साडी. वर्षाच्या आत नवं कापड आपण होऊन घेत नाहीत, पण आजोळहून दुखवट्याचं आलं तर नेसता येतं, ही वाट काकूंनीच काढली आणि चारुताला न विचारता आपट्याला राहणाऱ्या मामांना फोन लावला. आईच्या मागे मामाकडून हे व्हायला हवंच होतं, राहून गेलं होतं. मामांना गुरुवार सोयीचा होता. नऊला येऊ, दहाला निघू, म्हणाले. चारुताने फोन हातात घेऊन गुरुवार नको असं तीनदा सांगितलं, आणि मामांनी तिन्ही वेळा तिची काळजी करू नकोस अशी समजूत घातली.

मामा पावणेअकराला आले. सोबत मामी, मामींची बहीण आणि तीन भाचरं, सगळे पांढऱ्या नाहीतर फिक्या कपड्यांत. मामांचे गुडघे गेलेले, जिना चढवेना. तेव्हा दुखवटा दुकानातच करायचं ठरलं. भिंती अजून ओल्या, म्हणून टेबल-खुर्च्या बाहेर होत्या. एक बाबांची खुर्ची आत आणून तिच्यावर मामांना बसवलं आणि बाकीच्यांना सतरंजी घातली. मामींनी येताना निशिगंधाचा ताजा हार आणला होता, तो फोटोला घातला. आषाढात पाताळगंगेला पूर होता आणि त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना तेव्हा येता आलं नव्हतं. पाच महिने साठवलेलं रडू त्यांनी हार घालता घालता मोकळं केलं. ते खरं रडू होतं. चारुताला त्याचाही राग आला, आणि आपल्याला राग आला याचा आणखी.

काकू तिला वर घेऊन गेल्या. साडीचा रंग भाजलेल्या वांग्याचा होता. खाली शैलेश नव्हता. तो नाक्यावर पाहुण्याचं स्वागत करायला उभा होता, टाय लावून. कंपनीची गाडी येईल, वातानुकूलित, म्हणून तो प्रत्येक बंद काचेच्या गाडीकडे हसून बघत होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने फोन केला, की अजून पत्ता नाही, कळंबोलीला ट्रॅफिक असणार, तू आरामात तयार हो.

देवेश सामंत अकरा वाजता मोटरसायकलवरून आले होते. पाटी वाचली, ताडपत्रीखालचे काटे पाहिले, दारातल्या चपला पाहिल्या. काशीराम बाहेर होता, त्याला त्यांनी विचारलं, टिपणीससाहेब आहेत का? काशीरामने बाजूच्या भिंतीकडे हात केला आणि म्हणाला, "साहेब गेले."

सामंत मूळचे कुडाळचे, नीट वळणाचे गृहस्थ. त्यांनी हेल्मेट काढलं, बूट काढले, मोजे काढले, फोटोला नमस्कार केला आणि सतरंजीवर मांडी घालून खाली मान घालून बसले. अशा ठिकाणी स्वतःहून कशाला आलो ते सांगायचं नसतं, तेवढं त्यांना कळत होतं. काही वेळाने मामींना एवढंच म्हणाले, की कालच संध्याकाळी त्यांची मेल आली होती. मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि सांगितलं, कुणालाच कल्पना नव्हती हो.

मामा निवृत्त मुख्याध्यापक. समोर चारपेक्षा जास्त माणसं शांत बसलेली दिसली, की ती सभा आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी या अनोळखी पाहुण्याला, भावोजींच्या स्नेह्याला, दोन शब्द बोलायची विनंती केली. त्याच वेळी चारुता वांग्याच्या रंगाचा बोळा पोटाशी धरून जिना उतरत होती आणि काकू मागून निऱ्या खोचत होत्या. आवाज ऐकून ती मधल्या पायरीवर थांबली.

"मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं," सामंत सांगत होते. "महिन्याभराचा पत्रव्यवहार. आमचा ट्रकचा काटा चुकत होता. मी लिहिलं, नवा बसवायचा झाला तर काय करावं लागेल. दुसऱ्या कुणी नवा माझ्या गळ्यात मारला असता. त्यांनी उलट लिहिलं, काटा चांगला आहे, तुम्ही त्याच्याखालची घाण काढत नाही. मला राग आला होता खरं सांगायचं तर. मग वाकून बघितलं. काढायला लावली, तर निम्मी चूक गेली. असं तोंडावर सांगणारा माणूस आता मिळत नाही." ते थांबले. "कालच लिहिलं होतं, अकराला या, साडेअकराला मला काम आहे."

मामांनी मोठा श्वास सोडला. भावोजी तसेच होते, म्हणाले, परखड. मामींनी मान हलवली. मामींच्या बहिणीने, जिने त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, तिनेही हलवली.

बाबा परखड. बाबांनी जन्मात कुणाला दुखवलं नाही. वजनात मारणाऱ्या दुकानदारालाही ते "बघू हं" म्हणायचे. पाच महिने लोक चारुताचं काम उचलून त्या फोटोला वाहत होते, ते तिने चालू दिलं होतं. आज तिचा फटकळपणाही गेला. तिच्याजवळ तसं पाहिलं तर दुसरं काही नव्हतं.

"ते मी लिहिलंय," ती पायरीवरून म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. सामंतांनी तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि अर्धवट उठून तसेच राहिले.

"सी. एम. टिपणीस. चारुता मधुकर. फोटोत माझे वडील आहेत, ते आषाढात गेले. मी जिवंत आहे."

काकूंनी मागून तिला चिमटा काढला. असं बोलू नये. सामंत कानापर्यंत लाल झाले. गैरसमज झाला, म्हणाले, आणि अशा दिवशी कामाचं बोलणं बरं दिसत नाही, मी पुन्हा कधीतरी येईन. ते मनापासून बोलत होते. त्या दिवशी भेटलेली सगळीच माणसं मनापासून बोलत होती, तीच तर पंचाईत होती.

"तुम्ही वेळेवर आलात," चारुता म्हणाली. "बसा. काय विचारायचं ते विचारा."

सामंत बसले. सतरंजीवरच, कारण दुसरं काही नव्हतं. खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, बाकी सगळं मेलवर झालंय, पण आमच्या मोठ्या साहेबांची एक अट आहे. खड्ड्यात माणूस उतरतो तेव्हा वर ट्रक असतात, जोखीम आमची असते. म्हणून ज्याचा अनुभव तुम्ही कागदावर दाखवलाय, त्यानेच उतरायचं. त्यांनी कागद उलगडला. चाळीस वर्षांचा अनुभव लिहिला होता. तो रकाना शैलेशने भरला होता.

सगळे फोटोकडे बघू लागले. मामा म्हणाले, तो हात काही औरच होता. काशीराम दारातून आत आला. "खड्ड्यात ताईच..." एवढं बोलला, आणि चारुताने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला.

हो म्हणून सोडून देता आलं असतं. चाळीस वर्षं, घराण्याचा अनुभव, काहीतरी गोल बोलता आलं असतं. पण चाळीस वर्षंवाला खड्ड्यात उतरणार कुठून? मग काम जाणार, मोबाइलवाला येणार, आणि बाबांचं नाव मात्र राहणार, त्या किराणावाल्यांनी सांगितलं होतं तसं. निशिगंधाचा वास ओल्या रंगात मिसळून डोकं उठत होतं.

"चाळीस खोडा," ती म्हणाली. "अकरा लिहा. ती माझी आहेत. बाबांना शेवटची सहा वर्षं दिसत नव्हतं. सगळे काटे मी केलेत. खड्ड्यात मी उतरते, काशीराम वरून पाना देतो."

मामी हळूच म्हणाल्या, "चारू, फोटोसमोर..."

मामांना बसणं अवघड झालं. ते त्या खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "मग भावोजी काय करायचे?"

"बसायचे. आणि म्हणायचे, झालंय, देतो." तिचा आवाज वर गेला नाही, खाली गेला. "मुलीने केलंय, असं एकदाही म्हणाले नाहीत, मामा. सहा वर्षांत. एकदाही नाही."

मग दारातून काशीराम म्हणाला, "मला म्हनले व्हते."

"काय म्हणाले होते?"

"म्हनले, तिचा हात माज्यापेक्षा बरा हाय. पन सांगू नको, डोक्यावर बसंल."

"कधी?"

"झाली तीन-चार वरसं."

"आणि तू आज सांगतोयस?"

"सांगू नको म्हनले व्हते," काशीराम म्हणाला. यात त्याचं काय चुकलं ते त्याला खरोखरच कळत नव्हतं.

चारुताला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. पुसायला वजन नव्हतं, सगळी ताडपत्रीखाली. तिने पदराचं टोक धरून दोन्ही हातांनी पिळलं, आणि दुखवट्याच्या कोऱ्या साडीला पहिली चुणी पडली.

सामंतांनी खाली मान घालून चाळीस खोडलं आणि अकरा लिहिलं. परवाना पाहिला, तारीख टिपली. सोमवारी सकाळी सात वाजता या, म्हणाले, आधी ट्रकचा काटा बघा, मग बाकीच्यांचं ठरवू. बाहेर जायला उठणार इतक्यात शैलेश आला, टाय सैल करून, घामाघूम. सतरंजीवर अनवाणी बसलेला गृहस्थ पाहून त्याने गंभीर चेहऱ्याने त्यांना हात जोडले, शेजारी बसला, आणि थोडा वेळ शांतता पाळून चारुताला खुणेने सांगितलं, की तो माणूस काही आला नाही, आणि असल्या बेभरवशाच्या माणसाचं काम न मिळालेलंच बरं. सामंतांनी हे सगळं नीट बघितलं. मग बूट घातले आणि गेले.

मामींनी निघताना तिला जवळ घेतलं नाही. काकू दोन दिवस भिंतीपलीकडून काही बोलल्या नाहीत. बापाचं झाकलेलं उघडं पाडलं, असं गल्लीत झालं, आणि तेही वर्षाच्या आत. शैलेश तेवढा आला, आणि तुझ्यात आत्मविश्वास खूप आहे पण मांडणी चुकली, असं मायेने सांगून गेला.

सोमवारी तळोज्याच्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने पासावर नाव लिहिताना साहेब मागून येताहेत का, असं विचारलं. चारुताने हात पुढे करून पास घेतला. काटा फाटकाच्या आतच होता. प्लॅटफॉर्मच्या कडेचं लोखंडी झाकण काढून ती खाली उतरली. आत उभं राहता येत नाही, वाकून सरपटावं लागतं. रंगाच्या भुकटीने लाल झालेला चिखल कोपरापर्यंत लागला. काशीराम झाकणापाशी पालथा पडून टॉर्च धरून होता. वर सामंत उभे होते, त्यांचे तेवढे बूट दिसत होते.

दोष तिला पाच मिनिटांत सापडला. चौथ्या कोपऱ्यात, प्लॅटफॉर्म आणि चौकट यांच्यामध्ये, मुठीएवढा दगड घट्ट बसला होता. वरचं थोडं वजन तोच उचलत होता. तिने तो पान्याने सैल केला, काढला, हातात धरला. या जागेबद्दल कुणाचा काही नियम नव्हता. इथे हसतमुख असावं लागत नव्हतं, आणि वरच्या जगातलं कुणी सल्ला द्यायला इथवर सरपटत आलं नसतं. फक्त अगदी तिच्या शेजारी, उजव्या हाताला, 'झालंय, देतो' म्हणणारा एक माणूस बसायला हवा होता, ज्याच्यावर तिला जोरात ओरडायचं होतं, आणि तो नव्हता.

"सापडला का, ताई?" काशीरामने वरून विचारलं.

"नाही अजून," दगड पोटाशी धरून ती म्हणाली. "तू टॉर्च बंद कर जरा. उगाच सेल जातात."